साडेसातशे सीसीचा कट्टा
७५० मोटर क्लब, इंग्लंड : स्थापनेपासून आजपर्यंत

इंग्लंडमध्ये १९३९ साली स्थापन झालेल्या ७५० मोटर क्लबने सहस्रचंद्रदर्शनाचे वय केव्हाच ओलांडले आहे. २०२९ मध्ये संस्थेला नव्वद वर्षे पूर्ण होतील. नावातला आकडा इंजिनाचा आहे. ‘ऑस्टिन सेव्हन’ या चिमुकल्या मोटारीचे इंजिन ७४७ सीसीचे, म्हणजे बोलीत साडेसातशेचे. आपल्याकडच्या जुन्या पिढीला ही गाडी ‘बेबी ऑस्टिन’ म्हणून ठाऊक होती. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरही ती धावली, आणि ‘आमच्याकडे बेबी ऑस्टिन होती’ हे वाक्य काही मराठी घरांत नातवंडांपर्यंत पोहोचले.

या गाडीच्या मालकांनी एकत्र बसावे, गप्पा माराव्यात, कोणाची गाडी कुठे अडते ते सांगावे आणि तिला अधिक पळती कशी करायची याचा सल्ला एकमेकांना द्यावा, एवढ्यासाठी हा क्लब निघाला. या गप्पांतून पुढे फॉर्म्युला वनचा जगज्जेता कारखाना उभा राहिला. त्या प्रवासाचा हा दशकवार आढावा.

पूर्वपीठिका : गाडी आणि तिची दुखणी (१९२२–१९३९)

क्लबच्या आधी गाडी समजून घ्यावी लागते. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्टिन कंपनी डबघाईला आली होती आणि १९२१ मध्ये तिचा कारभार धनकोंसाठी नेमलेल्या व्यवस्थापकाकडे (रिसीव्हरकडे) गेला होता. अशा वेळी अगदी लहान, स्वस्त मोटार काढण्याची हर्बर्ट ऑस्टिन यांची कल्पना संचालकांना पसंत पडेना. तेव्हा ऑस्टिन यांनी कारखान्यातला स्टॅन्ली एज नावाचा अठरा वर्षांचा आरेखक आपल्या लिकी ग्रेंज या घरी बोलावला आणि तिथल्या बिलियर्डच्या खोलीत दोघांनी मिळून गाडीची रेखाटने तयार केली. पैसा ऑस्टिन यांनी स्वतःचा घातला आणि कंपनीकडून दर गाडीमागे दोन गिनी मानधन ठरवून घेतले. १९२२ मध्ये गाडी लोकांपुढे आली तेव्हा तिची किंमत १६५ पौंड होती. पहिले इंजिन ६९६ सीसीचे होते, ते लवकरच ७४७ सीसीचे झाले. १९३९ पर्यंत अशा सुमारे २ लाख ९० हजार गाड्या बाहेर पडल्या. साइडकार लावलेल्या मोटरसायकलवर बायकामुलांना पावसात नेणाऱ्या माणसाला डोक्यावर छप्पर मिळाले ते या गाडीमुळे.

स्वस्ताईची किंमत मात्र यंत्रात मोजावी लागली होती. क्रँकशाफ्ट दोनच बेअरिंगांवर टेकलेला. वेग वाढला की तो मधल्या भागात वाकायचा, आणि फार ताणला तर मोडायचा. तिसरे बेअरिंग आले ते १९३६ मध्ये. ब्रेक केबलचे, आणि ते भरवशाचे नव्हते. चॅसी इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराची. पुढे एकच आडवा पाटा, मागे दोन बाजूंना पाव लंबगोलाचे दोन पाटे. वळणावर गाडी एका अंगाला कलली की हे मागचे पाटे मागचा एक्सल थोडा तिरपा करायचे, आणि चालकाने स्टिअरिंग न फिरवताही गाडी आपणहून थोडी वळायची. क्लच तर असा, की पायाचा अंगठा जेमतेम हलावा तेवढ्यात तो सुटला किंवा लागला.

या प्रत्येक दुखण्यावर प्रत्येक मालकाकडे एक उपाय होता, आणि प्रत्येकाला खात्री होती की शेजाऱ्याचा उपाय चुकीचा आहे. गाडी साधी असल्याने तो उपाय करून पाहणे कोणालाही परवडत होते. इंजिन दोघांनी मिळून उचलावे, स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवावे आणि पान्यांच्या एका संचात उघडावे, इतके ते सुटसुटीत. क्लबची खरी पायाभरणी या टेबलांवर झाली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

गाडी दुबळी होती असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. १९३० मध्ये ब्रुकलंड्सच्या ५०० मैलांच्या शर्यतीत डेव्हिस आणि अर्ल ऑफ मार्च या जोडीने सुपरचार्जर बसवलेली ऑस्टिन सेव्हन ताशी ८३ मैलांहून अधिक सरासरीने पळवली आणि शर्यत जिंकली. ताशी सुमारे १३४ किलोमीटर, तेही जवळजवळ सहा तास! गाडीच्या कुवतीनुसार सूट देणाऱ्या या शर्यतीच्या निकालात मोठमोठी इंजिने मागे पडली. एवढ्याशा इंजिनातून काय काढता येते हे सगळ्या देशाने पाहिले, आणि घरोघरच्या सेव्हनवाल्यांचे हात शिवशिवू लागले.

स्थापना आणि युद्धाची वर्षे (१९३९–१९४९)

विल्यम बॉडी, सर्वांचे ‘बिल बॉडी’, १९३६ पासून ‘मोटर स्पोर्ट’ या मासिकाचे संपादक होते. जुन्या आणि लहान गाड्यांवर त्यांचा जीव. १९३९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने क्लब निघाला तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. ऑस्टिन सेव्हनचा वापर टिकावा, तिच्या ट्यूनिंगची माहिती सर्वांना मिळावी आणि तिच्या मालकांना कमी खर्चात मोटारखेळाची गोडी लागावी, हे उद्दिष्ट. कारखान्यातले या गाडीचे उत्पादन त्याच वर्षी थांबले. कारखान्याने जी गाडी सोडली ती क्लबने हाती घेतली, आणि हा योग पुढे फार फलदायी ठरला.

मात्र त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये महायुद्ध सुरू झाले. पेट्रोलवर शिधा आला आणि १९४२ मध्ये तर खाजगी गाड्यांचा मूळ वाटाही बंद झाला. देशभर गाड्या ठोकळ्यांवर चढल्या. ब्रुकलंड्सचा वर्तुळमार्ग विमानांच्या कारखान्याकडे गेला आणि तिथे पुन्हा शर्यत झाली नाही. नुकत्याच जन्मलेल्या, हाती पैसा नसलेल्या क्लबला एवढे आघात पुरेसे होते. सभासद सैन्यात, कारखान्यांत, हवाई दलात विखुरले. तरी बॉडी यांनी मासिक बंद पडू दिले नाही. प्रत्यक्ष गाडी चालवता येत नव्हती, तेव्हा लोक तिच्याविषयी लिहीत आणि वाचत राहिले. कागदावरच्या गप्पांनी क्लबचा धागा तुटू दिला नाही, हे त्या पिढीचे मोठे श्रेय.

युद्धानंतर क्लबला उभारी देण्यात हॉलंड बर्केट यांचा वाटा फार मोठा. हॅम्पशायरमधल्या फ्लीट गावचे हे पशुवैद्य. दिवसा गुरांची दुखणी बघायची आणि उरलेला वेळ क्लबला द्यायचा, असा त्यांचा शिरस्ता. त्यांच्याबरोबर नाव न मागणारे कितीतरी कार्यकर्ते होते. पाकिटांवर पत्ते लिहिणारे, पाऊसवाऱ्यात घड्याळ धरून उभे राहणारे, नवख्याची गाडी ढकलून चालू करून देणारे. अशांची यादी कोणत्याच संस्थेकडे पूर्ण नसते.

परिस्थितीही एका अर्थाने अनुकूल होती. कारखान्यांतल्या नव्या गाड्या परकीय चलनासाठी परदेशी जात होत्या आणि देशातल्या ग्राहकाला वर्षानुवर्षे थांबावे लागत होते. जुनी सेव्हन मात्र भंगारवाल्याकडे थोड्या पौंडांत मिळे. सैन्यातून परतलेल्या तरुणांच्या हातात वेल्डिंगचे, फिटिंगचे, विमानांच्या दुरुस्तीचे ताजे कसब होते. खिशात पैसे नव्हते. मोकळे पडलेले लष्करी विमानतळ शर्यतींना जागा देत होते. सिल्व्हरस्टोनच्या धावपट्टीवर १९४८ मध्ये ब्रिटिश ग्रां प्री झाली. या सगळ्याचा मेळ घालणारी एक कल्पना तेवढी हवी होती.

सूत्राचे दशक (१९४९–१९५९)

ती कल्पना १९४९ मध्ये क्लबने मांडली : ‘७५० फॉर्म्युला’. चॅसी ऑस्टिन सेव्हनची, इंजिनाचा ब्लॉक ऑस्टिन सेव्हनचा, सुपरचार्जर वर्ज्य. या चौकटीत ज्याला जे सुचेल ते त्याने करावे. पैसेवाल्याला पैशाच्या जोरावर पुढे जाता येऊ नये आणि डोकेवाल्याला वाट मोकळी असावी, हा नियमांमागचा हेतू. शनिवार-रविवारच्या शर्यतीला अनेक जण त्याच गाडीने घरून निघत आणि त्याच गाडीने घरी परतत.

इथून क्लबच्या बैठकींना रंग चढला. पबच्या खोलीत टेबलावर बिअरचे पेले आणि त्यांच्या शेजारी रुमालात गुंडाळून आणलेला मोडका क्रँक, जळालेला व्हॉल्व्ह, घासलेले बेअरिंग. कोणी तरी विचारायचे, ‘हेड किती घासलेस?’ आणि पुढचे दोन तास त्यावर जायचे. या बैठकींत जे सल्ले मिळत त्यांतले काही इथे नोंदवायला हवेत, कारण संस्थेची खरी मिळकत तीच आहे.

चॅसीच्या पट्ट्या नालीच्या आकाराच्या, एका बाजूने उघड्या. त्या उघड्या बाजूवर पत्रा वेल्ड करून पेटीसारख्या बंद केल्या की पीळ कमी बसतो. पुढचा पाटा सपाट करून घेतला की गाडी खाली बसते आणि वळणावर धीट होते. पुढचा सलग एक्सल मधोमध कापून दोन्ही तुकडे बिजागरीवर टेकवले की दोन्ही चाके स्वतंत्र हलतात. लेस्ली बॅलमी यांनी ही युक्ती रूढ केली होती. क्रँक नीट तोलून घ्यावा, नाहीतर तो कधी दगा देईल याचा नेम नाही. दाब वाढवायचा तर अ‍ॅल्युमिनियमचे हेड बसवावे. आणि सर्वांत आधी, काहीही बसवण्यापूर्वी, जे नको ते काढून टाकावे. जॅक फ्रेंच नावाच्या सभासदाने हा शेवटचा सल्ला इतका मनावर घेतला की त्याच्या गाडीचे नावच ‘सिम्प्लिसिटी’ होते. मूळचे सुटे भाग काळजीने जुळवून बांधलेल्या या गाडीने सुरुवातीच्या मोसमांत भल्याभल्यांना मागे टाकले. ती पाहून आपल्यालाही हे जमेल असा विश्वास शेकडो जणांना आला असेल.

याच कट्ट्यावर कॉलिन चॅपमन आला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बांधकाम अभियांत्रिकी शिकलेला हा तरुण. १९४८ मध्ये त्याने आपली मैत्रीण हेझल विल्यम्स हिच्या वडिलांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवर प्लायवुड आणि अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा चढवला होता. हीच पहिली लोटस. १९५१ मध्ये मायकेल आणि नायजेल या अ‍ॅलन बंधूंच्या साथीने त्याने ७५० फॉर्म्युलासाठी ‘लोटस मार्क थ्री’ बांधली आणि त्या मोसमात बाकीच्यांना ती जवळजवळ दिसेनाशी झाली.

तिचे गुपित समजून घेण्यासारखे आहे. सेव्हनच्या इंजिनात सिलिंडर चार, पण हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घेणारी भोके दोनच. पहिला आणि दुसरा सिलिंडर एका भोकावर, तिसरा आणि चौथा दुसऱ्यावर. ठिणगीचा क्रम एक, तीन, चार, दोन. म्हणजे तिसऱ्याने श्वास घेतला की लगेच त्याच भोकातून चौथा घेणार. दुसऱ्याने घेतला की लगेच पहिला. एका भाकरीवर दोन भुकेले एकापाठोपाठ एक तुटून पडावेत तसा प्रकार, आणि एकाच्या वाट्याला कमी. चॅपमनने या सामायिक भोकांत पडदा घालून प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र वाट करून दिली. ब्लॉक तोच, नियम पाळलेले, आणि ताकद मात्र कितीतरी वाढलेली. क्लबने पुढे नियम दुरुस्त करून ही युक्ती बंद केली. या दुरुस्तीवर त्या काळी बरीच चर्चा झाली. सूत्र स्वस्त आणि सर्वांसाठी खुले राहावे या मूळ हेतूला धरूनच निर्णय झाला. चॅपमन यांचे नाव क्लबच्या एका करंडकाला लाभले, यातच परस्परांचा आदर दिसून येतो.

चॅपमन यांनी १९५२ मध्ये लोटस इंजिनिअरिंग सुरू केली. हॉर्न्सी इथे त्यांच्या वडिलांचे हॉटेल होते; त्यामागचा जुना तबेला हा कारखाना. १९६३ मध्ये जिम क्लार्क आणि लोटस फॉर्म्युला वनचे जगज्जेते झाले तेव्हा त्या तबेल्याला जेमतेम अकरा वर्षे झाली होती.

१९५१ मध्येच क्लबने सिल्व्हरस्टोनला सहा तासांची रिले शर्यत भरवली. संघात सहापर्यंत गाड्या, मार्गावर एका वेळी एकच. तिने परत येऊन पट्टा हवाली करायचा की पुढची निघणार. वेगवेगळ्या कुवतीच्या गाड्यांना फेऱ्यांची सूट देऊन सारखे केलेले, त्यामुळे जुनी सेव्हन आणि नवी स्पोर्ट्स गाडी एकाच निकालपत्रकावर. माणसांना संघात आणणारी ही कल्पना क्लबच्या स्वभावाला इतकी मानवली की ती शर्यत अजून चालू आहे.

सेव्हनचे चांगले सुटे भाग विरळ होऊ लागले होते. तेव्हा १९५३ मध्ये क्लबने फोर्डच्या ११७२ सीसी इंजिनासाठी दुसरे सूत्र काढले. त्यातून एरिक ब्रॉडली पुढे आले. बांधकाम व्यवसायातले हे गृहस्थ. चुलतभावाच्या मदतीने बांधलेल्या ‘ब्रॉडली स्पेशल’ने त्यांनी या वर्गात नाव कमावले आणि १९५८ मध्ये त्यांची पहिली ‘लोला’ आली. ग्रॅहम हिल यांनी १९६६ ची इंडियानापोलिस ५०० जिंकली ती लोलामध्ये बसून. याच ११७२ वर्गात लेन टेरी यांनी आखलेली ‘टेरियर’ ब्रायन हार्ट चालवत. टेरी यांनी पुढे लोटस ३८ आखली आणि जिम क्लार्क यांनी १९६५ ची इंडियानापोलिस ५०० तिच्यात जिंकली. हार्ट इंजिने बांधू लागले. १९८४ मध्ये मोनाकोच्या पावसात आयर्टन सेना दुसरा आला, त्या टोलमन गाडीत इंजिन हार्ट यांचे होते.

लष्करातले मेजर आर्थर मॅलक हेही याच मुशीतले. सेव्हनवरच्या प्रयोगांतून त्यांची ‘यूटू’ ही गाडी आली आणि मॅलक घराण्याच्या गाड्या पुढे ‘क्लबमन’ वर्गाच्या शर्यतींत दीर्घकाळ धावल्या. जेम मार्श यांनी ‘स्पीडेक्स’ नावाने सेव्हनवाल्यांसाठी सुटे भाग आणि बॉड्या विकायला सुरुवात केली, स्वतः स्पीडेक्स चालवून क्लबचा १९५९ चा गुडएकर करंडक जिंकला आणि मग फ्रँक कॉस्टिन यांच्यासह ‘मार्कोस’ कंपनी काढली. मार्शमधला ‘मार’ आणि कॉस्टिनमधला ‘कॉस’.

एका क्लबच्या गप्पांतून दहा वर्षांत एवढी माणसे निघावीत, याला दैव म्हणून चालणार नाही. त्या काळी पूर्ण गाडीवर जबर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. त्यामुळे गाडी घरी बांधणे हा छंदाइतकाच हिशेबाचा मामला होता. फायबरग्लासच्या बॉड्या बाजारात आल्या होत्या. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे क्लबच्या ‘बुलेटिन’मध्ये जे कळले ते लिहून टाकण्याची प्रथा होती. ज्याने या आठवड्यात तुम्हाला हरवले, तोच पुढच्या बैठकीत त्याच्या कार्बोरेटरचा जेट किती नंबरचा ते सांगायचा.

वळणाची वर्षे (१९५९–१९६९)

१९५९ मध्ये मिनी आली, आणि ऑस्टिन कंपनीने सुरुवातीला तिलाही ‘सेव्हन’चेच नाव दिले. स्वस्तात वेगाची हौस भागवणारी नवी गाडी आता दुकानात मिळू लागली. १९६० मध्ये दहा वर्षांहून जुन्या गाड्यांना सरकारी तपासणी सक्तीची झाली. केबलचे ब्रेक आणि घरगुती वेल्डिंग यांच्या भरवशावर धावणाऱ्या कितीतरी ‘स्पेशल’ गाड्या त्या तपासणीत अडल्या आणि शेडमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच होते. क्लबनेही तांत्रिक सल्ल्याचा रोख वेगाबरोबर ब्रेक आणि स्टिअरिंगकडे वळवला.

१९६३ मध्ये हॉलंड बर्केट आणि त्यांच्या पत्नी विमान अपघातात गेले. क्लबवर हा मोठा आघात होता. सहा तासांच्या रिले शर्यतीला त्यांचे नाव देण्यात आले. ‘बर्केट’ म्हटले की आजही सभासदांना ती शर्यतच आठवते. पशुवैद्याचे नाव असे रोजच्या बोलण्यात राहिले.

सेव्हनची इंजिने आता खरोखरच संपत आली होती. पुढे ७५० फॉर्म्युलात रिलायंट कंपनीच्या तीनचाकी गाडीचे अ‍ॅल्युमिनियमचे इंजिन स्वीकारले गेले. यात एक सुरेख धागा आहे. रिलायंटने १९३९ मध्ये ऑस्टिनकडून सेव्हनच्याच इंजिनाचा वारसा घेतला होता आणि १९६२ पर्यंत तेच इंजिन स्वतः बनवले. म्हणजे सूत्राने घर बदलले ते नात्यातच. आणखी एक धागा आपल्याकडे येतो. १९८० च्या दशकात बंगळुरात तयार झालेली ‘सिपानी डॉल्फिन’ ही फायबरग्लासची गाडी रिलायंट किटनवरून घेतलेली आणि तिचे ८४८ सीसीचे इंजिन रिलायंटचेच होते. घरगुती वापरात ती फार चालली नाही, पण हलकी असल्यामुळे भारतातल्या शर्यतवाल्यांनी तिला उचलून धरले.

दोन प्रवाह (१९७० आणि १९८० ची दशके)

१९७३ मध्ये ब्रिटनमध्ये खरेदी कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि घरी बांधलेल्या गाडीची करातली सवलत संपली. त्याच वर्षी तेलाची टंचाई आली. क्लब दोन्हींतून निभावला.

या काळात सभासदांत दोन ओढी स्पष्ट झाल्या. एका बाजूला जुनी सेव्हन मूळ रूपात जपणारे. भंगारातली गाडी आता वारसा झाली होती आणि जिची बॉडी पूर्वी करवतीने कापली जाई तिच्या मूळ दाराच्या कडीसाठी लोक गावोगाव हिंडू लागले. दुसऱ्या बाजूला नवे सूत्र, नवी चॅसी, नवा वेग हवा असलेले. दोन्ही मतांना क्लबने घरात जागा दिली. हॅम्पशायरमधील ब्यूली इथल्या राष्ट्रीय मोटार संग्रहालयाच्या आवारात क्लबचा ऑस्टिन सेव्हन मेळा भरत राहिला आणि शर्यतींच्या मैदानावर फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनावर धावणाऱ्या ‘फॉर्म्युला व्ही’सारखे स्वस्त वर्गही रुजले.

पुन्हा घरचे वेल्डिंग (१९९० चे दशक)

रॉन चॅम्पियन या शिक्षकाने १९९६ मध्ये एक पुस्तक लिहिले. जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग घेऊन, चौकोनी नळ्यांची चॅसी स्वतः वेल्ड करून अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स गाडी कशी बांधावी, हे त्याने मापांसह मांडले. आकार चॅपमन यांच्या लोटस सेव्हनसारखा. या गाड्यांना ‘लोकॉस्ट’ म्हणू लागले आणि क्लबने दशकाच्या अखेरीस त्यांच्यासाठी शर्यतमालिका सुरू केली.

१९४९ ची चर्चा पन्नास वर्षांनी पुन्हा रंगली. नळी किती जाडीची? पुढची विशबोन घरी बनवावी की विकत आणावी? गिअरबॉक्स मागे सरकवला तर वजन कुठे जाते? शाळेतली मुले आणि निवृत्त वडील एकाच शेडमध्ये काम करू लागले. दरम्यान १९९८ पासून घरी बांधलेल्या गाडीला रस्त्यावर आणण्यापूर्वी स्वतंत्र सरकारी मंजुरी घ्यावी लागू लागली. दिव्यांची उंची, कडांची गोलाई, सीटबेल्टची पकड अशा शंभर बाबी त्यात तपासल्या जातात. अनुभवी सभासद नवख्याला आधीच सावध करतात म्हणून कितीतरी जणांचे दुसऱ्या खेपेचे श्रम वाचतात. कट्ट्याचा उपयोग तो हाच.

नवे शतक आणि आजचे कार्य (२००० पासून पुढे)

संस्थापक बिल बॉडी २०११ मध्ये ९८ व्या वर्षी गेले. १९९१ पर्यंत, म्हणजे पंचावन्न वर्षे, त्यांनी मासिकाचे संपादन केले आणि त्यानंतरही लिहीत राहिले. ज्या क्लबला त्यांनी लहान गाडीच्या मालकांची बैठक म्हणून सुरुवात केली तो आज ब्रिटनमधल्या प्रमुख शर्यत-आयोजकांपैकी आहे.

७५० फॉर्म्युला अजून धावतो आणि जगातल्या सर्वांत जुन्या शर्यत-सूत्रांत त्याची गणना होते. त्यात आता फियाटचे ११०८ सीसी इंजिन बसते. चॅसी सभासद आजही स्वतः आखतात, स्वतः बांधतात. लोकॉस्ट आणि फॉर्म्युला व्ही आहेतच. शिवाय माझदा एमएक्स-५, टोयोटा एमआर-२, रेनो क्लिओ, हॉट हॅचबॅक, बीएमडब्ल्यू कॉम्पॅक्ट अशा जुन्या बाजारात परवडणाऱ्या गाड्यांचे वर्ग आहेत. दीर्घ पल्ल्यासाठी ‘क्लब एन्ड्युरो’ आहे. मोसमाच्या शेवटी, शरद ऋतूत, सिल्व्हरस्टोनला बर्केट रिले होते. पहाटेच्या धुक्यात तंबूंखाली शंभराहून अधिक गाड्यांची झाकणे उघडलेली असतात आणि ज्याच्याकडे पाना नाही त्याला तो प्रतिस्पर्ध्याकडून मिळतो.

ऑस्टिन सेव्हन विभागाचे काम तितक्याच आस्थेने चालते. १९३० च्या गाडीचा क्रँक कुठे मिळेल, पांढऱ्या धातूची बेअरिंग कोण ओतून देतो, क्लचची ती अंगठाभर चाल कशी बसवायची, हे विचारायला आजही फोन येतात आणि उत्तर देणारी माणसे आहेत. जुलैमध्ये ब्यूलीच्या हिरवळीवर या गाड्या ओळीने उभ्या राहतात. शंभरी ओलांडलेल्या काही गाड्या स्वतःच्या चाकांवर तिथवर येतात.

या गाडीचे काही धागे अजून मराठी घरांत असण्याची शक्यता आहे. जुन्या अल्बममध्ये बेबी ऑस्टिनच्या पायरीवर पाय ठेवून उभे असलेले आजोबा कोणाला सापडले, तर त्या छायाचित्रामागे गाडीचा नंबर, साल, गाव आणि ती चालवणाऱ्याचे व दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचे नाव पेन्सिलीने लिहून ठेवावे. घरात जे वडीलधारे आहेत त्यांना हे आजच विचारून घ्यावे.